मोडा माझा हात

कट्ट असा आवाज झाला आणि उंब्रजच्या त्या मांडवातली तीन-चारशे माणसं श्वास रोखून बसली. नाथाजी महाराजाने राणीचा हात मागे पिरगळला होता. सतरा वर्षांची पोर ओठ चावून उभी होती. खांद्याखाली खड्डा पडलेला, हात लोंबत होता.

“बगा, मोडला हात! डाक्टर काय करंल? पलस्तर, सळ्या, सा म्हैनं खाटंवर! आमची देवीआई काय करंल? येक चिमूट!”

त्याने अंगारा चोळला, डोळे फिरवले, हात उचलून आत सरकवला. राणीने बोटं हलवून दाखवली. बायका रडू लागल्या. पहिल्याच रांगेत माझे वडील, अप्पा, हात जोडून बसले होते.

तीन वर्षांपूर्वी याच माणसाने माझी धाकटी बहीण सोनिया घालवली. नुसता धक्का लागला तरी तिच्या अंगावर काळेनिळे डाग उठत. नाथाजी म्हणाला, भानामती हाय, दवाखान्याची पायरी चढलात तर पोर जाईल. मी तेव्हा सांगलीला फिजिओथेरपी शिकत होते. फोनवर भांडले, रडले. अप्पांनी ऐकलं नाही. एका सकाळी तिच्या पोटात कळ आली. दुपारपर्यंत तिला अंगारा चाटवत बसले. दवाखान्यात नेली तेव्हा पोटातली रक्तवाहिनी फुटली होती. एकोणीस वर्षांची होती ती.

खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी समाजसेवा करायला गेले नव्हते. मला नाथाजीची फजिती बघायची होती, आणि तीही भर मांडवात.

आठवड्यापूर्वी मी राणीच्या घरी जाऊन आले होते. तिची आई हरणाबाई म्हणाली, “आवं ताई, ल्हानपणापासनं तिचं हाड निसटतंय. म्हाराज म्हनलं, आईचं देणं हाय.” राणीचा अंगठा वाकून थेट मनगटाच्या वर टेकत होता. कातडी चिमटीत धरली की ताणत जायची.

“दुखतं?” मी विचारलं.

“लय. पर वरडलं तर आई कोपंल म्हनत्यात.”

आता मी उठून सरळ व्यासपीठावर चढले. “महाराज, माझा हात मोडा.”

“बाळ, तुजी श्रद्धा न्हाई...”

“म्हणूनच मोडा. देवीने जोडला तर इथंच तुमचे पाय धरते.”

मी हात त्याच्या तोंडासमोर धरला. तो मागे सरकला. “आज आईचा कौल न्हाई.”

“आत्ता राणीच्या वेळी होता की!”

मागून एक म्हातारा ओरडला, “पोरीचा नगं, म्हाराज, सोताचा मोडून दावा!” मांडवात हशा पिकला. नाथाजीच्या कपाळावर घाम आला. तो घाम मी डोळे भरून पाहिला.

मग राणी बोलली. “माजा हात मोडत न्हाई. निसटतोय. येणी घालतानाबी निसटतोय, अन् माजा मीच बसवते. अंगाऱ्याबिगर.”

मी माइक घेतला. “आपली कातडी, सांध्यांचे बंध, रक्तवाहिन्यांच्या भिंती, सगळ्यांना कोलॅजन नावाचं प्रथिन बळ देतं. काहींचं ते जन्मतःच कच्चं असतं. जनुकातला दोष, कुणाचा शाप नाही. बंध सैल, म्हणून खांदा निसटतो. हा माणूस तो मुद्दाम निसटवतो आणि परत सरकवतो. दर खेपेला बंध आणखी फाटतात.”

अप्पा उभे राहिले. “नंदे, मग आपल्या सोनीचं डाग?”

“तिचंही कोलॅजनच कच्चं होतं, अप्पा. तिच्या रक्तवाहिन्या नाजूक होत्या. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, तुम्ही ऐकून घेतलं नाहीत.”

अप्पा मटकन खाली बसले. मी त्यांना सावरायला गेले नाही. तेवढा राग त्यांच्यावरही होता.

त्याच दुपारी हरणाबाईने जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली. माझ्यामागोमाग अप्पांनीही सोनियाबद्दलचा जबाब लिहून दिला. पोलीस गाडीत बसवत असताना नाथाजी मला म्हणाला, “पोरी, माफ कर. पोटासाठी केलं.”

मी माफ केलं नाही. आजही करणार नाही.

राणी आता माझ्याकडे व्यायामाला येते. हा आजार मुळापासून जात नाही, पण खांदा पूर्वीपेक्षा कमी निसटतो. याच दोषाने हृदयाच्या झडपाही सैल पडू शकतात, म्हणून तिच्या हृदयाचीही तपासणी करून घेतली.

तुमच्या घरात कुणाचे सांधे सारखे निसटत असतील, विनाकारण डाग उठत असतील, तर त्याला डॉक्टरकडे न्या. आजच न्या. आणि कुणी चमत्कार दाखवायला लागला, तर आधी त्याला म्हणा, स्वतःवर करून दाखव.