बेड बाराची बाकी

पनवेलच्या त्या पाच मजली हॉस्पिटलात सगळं कॉम्प्युटरवर असे, त्यामुळे पेशंटकडे बघायची कुणाला फारशी गरज पडत नसे. बिलिंगच्या स्नेहलपुढे काळूराम कोळ्यांची फाइल येऊन पडली होती. होडीतून धक्क्यावर उतरताना पाय घसरला, खुबा मोडला, ऑपरेशन झालं, गडी नऊ दिवस अंथरुणाला खिळलेला. आणि विमा कंपनीने दोन लाखांचा क्लेम नाकारला. डॉक्टर आर्यन यांनी नऊही दिवस एकच नोंद चिकटवली होती, ‘पेशंट व्हरांड्यात चालला. तक्रार नाही.’ चालत्या माणसाला हॉस्पिटल कशाला, असं कंपनीने विचारलं. एक्स-रे बघण्याइतका वेळ तिच्याकडे नव्हता.

"चालला?" काळूरामची बायको चंद्रावती भडकली. "त्याला कूस बदलाया दोन मानसां लागतान! आता होडी इकू का आमी?"

ती खरंच विकणार होती, गिऱ्हाईक उद्या सकाळी यायचं होतं. स्नेहल खऱ्या नोंदी शोधायला निघाली. तिने अख्खा वॉर्ड पालथा घातला. नर्सिंगच्या तक्त्यांतही काळूराम आनंदाने फिरतच होता. शेवटी आया वेणूमावशींनी कनवटीची वही काढली.

‘बेड १२. भांडं तीनदा. कूस चारदा. उठवत नाय.’ नऊ दिवस, वेळेसकट. खाली लिहिलं होतं, ‘बाकी – सुके बोंबील.’

"चंद्राबाय देते बोलली," मावशी लाजल्या. "इसरू नको म्हनून लिवते."

स्नेहलने पानांच्या झेरॉक्स काढल्या, शिक्के मारले, पाठवल्या. दुसऱ्या दिवशी, गिऱ्हाईक यायच्या आत, क्लेम मंजूर झाला. होडी वाचली. चंद्रावती रडली, स्नेहलही रडली.

मॅनेजर सुशांत सरांनी झेरॉक्स बारकाईने वाचली. हॉस्पिटलात त्यांनी वाचलेला हा पहिलाच कागद असावा. ‘अचूक नोंदीं’बद्दल त्यांनी आर्यनचं अभिनंदन केलं आणि वेणूमावशींना मेमो काढला. पेशंटकडून बोंबील घेतल्याबद्दल आठ दिवस बिनपगारी.

"सर, त्यांच्यामुळेच तर पैसे आले!"

"पण पुरावा आहे ना?"

होता. त्यावर शिक्का स्नेहलनेच मारलेला होता. मेमो टाइप करताना तिला स्वतःची शिसारी आली.

मावशींनी तो तिच्याकडून दोनदा वाचून घेतला.

"घेतल्याबद्दल?" त्या म्हणाल्या. "म्याडम, वही नीट बघा. बाकी लिवलंय. अजून मिलालंत कुठं?"