माझ्या घंटेतला च्युइंगगम

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे आणि माझ्या अंगाला वास येतो. तो वास माझा स्वतःचा नाही, एवढे आधीच सांगून ठेवते.

मी राहते त्या बेटावर पाहुण्यांना मोटार भाड्याने मिळत नाही. रस्ते इतके अरुंद, की दोन हातगाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागे सरावे लागते. बोटीतून उतरलेला माणूस एक तर पायी फिरतो, नाही तर धक्क्यावरच्या ताईंकडून सायकल घेतो.

ताईंचे वडील सायकली दुरुस्त करायचे. दोन मोडक्या सायकलींतून त्यांनी मला उभे केले, पुढे वेताची टोपली बांधली आणि टपालवाल्या बाईंच्या हवाली केले. अकरा वर्षे मी घरोघरची पत्रे वाहिली. टपालबाई दर शनिवारी साखळीला तेल घालत, चाकाची एकेक तार पुसत. "गुणाची आहे माझी पोर," असे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. पुढे त्या निवृत्त झाल्या आणि मी भाड्याच्या रांगेत आले.

तिथून माझी विटंबना सुरू झाली. समुद्रातून निघालेले लोक निथळत्या कपड्यांनी सीटवर बसत. आतला स्पंज कुजून गेला. टोपलीत माशांचे काटे, अर्धवट चघळलेली कणसे, आणि एकदा तर बाळाचा भरलेला डायपर!

"अगं, टोपलीत कशाला?" बाळाचा बाप म्हणाला.

"राहू दे रे, भाड्याचीच तर आहे," बाळाची आई म्हणाली.

दोघांनी हात मात्र साबण लावून धुतले. तो डायपर भर उन्हात दिवसभर माझ्या पुढ्यात शिजत राहिला. मित्रांनो, लोखंडालाही किळस येते.

मग एके सकाळी पांढऱ्या टोपीचे गृहस्थ मला घेऊन गेले. त्यांची लेक पुढे बसून सारखी माझी घंटा वाजवत होती. "कान किटले माझे!" म्हणत त्यांनी तोंडातला च्युइंगगम काढला आणि थुंकीसकट घंटेत दाबला. दुपारी मला रांगेत लावून ते निघून गेले. ताईंना एका शब्दाने बोलले नाहीत.

थोड्याच वेळात नर्सबाई धापा टाकत आल्या. बेटावर दवाखाना एक, नर्सही एकच. नावाड्याच्या बायकोला दिवस भरायच्या आधीच कळा सुटल्या होत्या आणि नेमकी दवाखान्याची गाडी बंद पडली होती.

"ताई, कुठलीही दे, पण आत्ता दे!"

"ही घ्या, हीच पळते," म्हणत ताईंनी मला पुढे केले.

उतारावरून आम्ही वाऱ्यासारख्या निघालो. वळणावर पाहुण्यांचा घोळका रस्ताभर पसरून फोटो काढत होता. नर्सबाईंनी घंटा दाबली. आवाजच नाही. "बाजूला व्हा, बाजूला!" त्या ओरडल्या. सगळे पांगले, पण एक मुलगी गोंधळून मधेच उभी राहिली. तिला वाचवायला नर्सबाईंनी मला भिंतीवर घातले. त्यांचे उजवे मनगट मोडले.

ती मुलगी टोपीवाल्यांचीच होती. तिला उचलून घेत ते तावातावाने म्हणाले, "अहो बाई, घंटा कशाला दिलीय? वाजवायला काय होतं?"

"बाबा, तुम्हीच तर त्यात..."

"गप बस!"

नर्सबाई तशाच उठल्या. हात छातीशी धरून पायी गेल्या. पुढचे नावाड्याच्या आईने दुसऱ्या दिवशी ताईंना सांगितले. नर्सबाई तिला म्हणाल्या होत्या, "मावशी, आज हात तुमचे. मी सांगते तसं करत जा." बाळ सुखरूप आले. मनगट मात्र वाकडेच जुळले. आता त्या इंजेक्शन डाव्या हाताने देतात.

त्या संध्याकाळी ताईंनी चाकूच्या टोकाने माझी घंटा खरवडली. मधे दोनदा त्यांना उमासे आले. तेव्हापासून धक्क्यावर बादली आणि फडके ठेवलेले असते. धुतल्याशिवाय ताई सायकल परत घेत नाहीत. बोट चुकेल म्हणून लोक कुरकुरतात, आणि आपलीच घाण बघून "शी!" म्हणून नाक मुरडतात.

मित्रांनो, कधी अशा बेटावर आलात तर माझ्यासारखीला खुशाल भाड्याने घ्या. चढावर दमवा, उतारावर पळवा. पण परत करताना एकदा मुठीवरून, सीटवरून, टोपलीतून हात फिरवा. हाताला जे चिकटेल ते तुमचेच आहे. ते घेऊन जा.