आरमोरीच्या बांधीत माळ्याची पोरगी

माहा भाऊ देवराव एकदा अडून बसला का बसला. मी त्याची मोठी बहीण, कमला, आरमोरीत राह्यते. तो तिकडं वीज केंद्रात नोकरीले, ऊर्जानगरच्या क्वार्टरात. माह्यापुढं तो एरवी मान वर करत नाई, पण पोरीचा विषय निघाला का माहं बी ऐकत नाई.

त्याची एकुलती एक पोट्टी रोशनी. इंजिनीअरिंगले नागपूरले गेली अन् डिग्रीसंगं चेलो घेऊन आली. माणसाएवढं व्हायोलिन म्हणा ना, खुर्चीवर बसून गुडघ्यांच्या मधात उभं धरून वाजवाचं. आता पुण्याच्या वाद्यवृंदात असते. पण बापानं तिचं वाजवणं आजपर्यंत एकदा बी ऐकलं नव्हतं. काऊन, तर म्हणे, "जे आपल्या लोकायले समजत नाई, ते वाजवून फायदा काय?"

यंदा त्या वाद्यवृंदानं परीकथांवरचं संगीत गावोगावी उघड्यावर वाजवाचं ठरवलं. रोशनीनं तिथल्या मोठ्या साहेबांच्या मागं लागून आरमोरी घ्याले लावली. हे ऐकून देवराव माह्या घरी आला अन् पोरीच्या तोंडावर म्हणाला, "चाल, होऊन जाऊ दे. आपले लोक शेवटपर्यंत बसले, तर मी जन्मात तुह्या नोकरीचं नाव काढणार नाई. उठून गेले, तर तू वीज कंपनीच्या परीक्षेचा फॉर्म भरशीन."

"मंजूर," पोट्टी म्हणाली. ते बी बापावरच गेली हाय.

आमचे लोक रात्र-रात्र नाटक पाहातेत, पण ना गाणं ना डायलॉग, नुसतं वाजवणं कोण ऐकन? मंग मीच पदर खोचला. रोशनी सांगत होती का पुण्यात लोक मधात खोकलत बी नाईत. मी घरोघरी जाऊन तंबी दिली. "टाळी नाई, शिट्टी नाई, बोलणं नाई. तोंड उघडलं तर कमलाशी गाठ हाय." लोक हासले, पण मले भेतेत, हे मले माहीत हाय.

धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत, जिथी आमची नाटकं होतेत तिथीच स्टेज बांधला. दव पडलं तर वाद्यं बिघडतेत म्हणून उजेडातच सुरू करू म्हणाले. पब्लिक तुडुंब. देवराव डबल ड्युटी सोडून आला अन् माह्या बाजूले हाताची घडी घालून बसला.

साहेबांच्या हातात काडी होती, ते हालवली का सारे वाजवतेत. आमच्या लोकायनं त्यायचं नाव लगेच काडीवाले साहेब ठेवलं. साहेबांनी पहिले गोष्ट सांगितली. बर्फाच्या देशात एका राजाच्या बागेतले सारे पक्षी उडून जातेत, अन् त्यायले शोधाले माळ्याची पोरगी एकटी जंगलात निघते. "ही पोरगी म्हणजे आमचा चेलो," साहेब म्हणाले.

बासऱ्या वाजल्या, पक्षी उडाले. मंग रोशनीचा चेलो. पोरगी घरातून निघाली. थोडं वाजवून ते थांबली, अन् समोरच्या रांगेतून गावातल्या म्हाताऱ्या गुणवंतरावांनी जोरात हुंकार दिला, "हूं!"

आता हे काई गुणवंतरावांची चूक नव्हती. आमच्या इकडे गोष्ट सांगणारा थांबला का ऐकणाऱ्यानं हूं म्हणाचं असते. नाई म्हटलं तर सांगणाऱ्याले वाटते का हे झोपले, अन् तो गोष्ट तिथीच बंद करते. साहेबांनी गोष्ट सांगतो म्हटलं, तर म्हातारा आपलं काम करून राह्यला होता. पुढच्या वेळी पंधरावीस लोक बोलले, "हूं!"

व्हायोलिनवाले एकमेकायकडं पाहाले लागले. साहेबांची मान गर्रकन मागं वळली. बापा रे बापा! माही तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठली, डोळे वटारले अन् तोंडावर बोट ठेवून साऱ्या पब्लिककडं पाह्यलं. एका झटक्यात सारे चूप.

मले वाटलं, जिंकलो.

कायचं जिंकलो! ज्या गोष्टीत हूं म्हणाले मनाई, ते गोष्ट आपली कशी वाटन? पहिले लेकरं चुळबुळले. मंग बाया पदर झटकून उठाले लागल्या, घरी चूल पेटवाची होती. शेजारची सुगंधाबाई माह्या कानाशी येऊन बोलली, "कमलाबाई, आम्ही इथी काऊन बसाचं मंग?" अन् चालली. मागच्या रांगा रिकाम्या होऊन राह्यल्या होत्या अन् हे सारं माह्याच शहाणपणानं. देवराव मान वळवून जाणाऱ्यायकडं पाहात होता. पैज जिंकणाऱ्याचं तोंड असं नसते. तो कासावीस झाला होता.

स्टेजवर माळ्याची पोरगी जंगलाच्या मधात पोचली. बाकी सारी वाद्यं थांबली, चेलो एकटाच. रोशनीनं चार सूर वाजवले, जशी हाक मारून राह्यली, अन् तारांवरून गज उचलला. पुढं वाजवेच ना. काडी वर तशीच. साहेब तिच्याकडं पाहातेत अन् ते बांधीकडं पाहाते. जाणारे बी वाटेत थबकले. मले वाटलं, संपलं, पोट्टी भेली.

तेवढ्यात माह्या बाजूले आवाज आला.

"हूं."

देवराव! त्यानं पुन्हा म्हटलं, आता मोठ्यानं, "हूं! मंग?"

रोशनीनं गज तारांवर टेकवला अन् बापाकडं पाहातच पुढं वाजवलं. बापा, काय वाजवलं! पुढच्या थांब्यावर गुणवंतराव बोलले, मंग सारी बांधी बोलली. मी बी बोलली, लाज कायची? काडीवाले साहेब हासले अन् दर थांब्यावर काडी रोखून आमची वाट पाहाले लागले. गेलेल्या बाया परत आल्या अन् बसाले जागा नाई म्हणून बांधीच्या कडेले धुऱ्यावर उभ्या राह्यल्या. पक्षी बागेत आले तेव्हा शिट्ट्या वाजल्या, अन् मी कोणाले काई म्हटलं नाई.

सारं झाल्यावर रोशनी खाली आली. चेहरा उतरलेला. "बाबा, लोक उठले होते," ते म्हणाली. "तुमचं खरं झालं. मी फॉर्म भरते."

देवरावनं डोळे पुसले, अन् नाई पुसले असं दाखवलं. "कोण उठलं?" तो बोलला. "मी तर बसूनच होतो."

अन् मंग माह्यावरच खेकसला, "बाई, पाहून काय राह्यली? पोट्टी सकाळपासून उपाशी हाय, तिले जेवाले वाढ."