डाग दिसतात, वाटा दिसत नाहीत

मी एक जुना एमआरआय स्कॅनर आहे, मित्रांनो. माझ्या पोटात एक बोगदा आहे आणि त्याभोवती बलाढ्य चुंबक. कारखान्यात मला जोडणारा कारागीर सगळ्यांना बजावत असे, "किल्ल्या बाहेर ठेवा रे, नाहीतर हा पठ्ठ्या ओढून घेईल!" इस्पितळात आलो तेव्हा मला बघायला झुंबड उडाली. कवटी न उघडता मी मेंदूचे चित्र काढतो, याचे केवढे कौतुक! फक्त काम करताना मी फार धडधडतो.

माझ्याकडे दरवर्षी एक मावशी येत. नाटकाच्या वेळी विंगेत बसायचे आणि नट वाक्य विसरला की ते हळूच पुरवायचे, हे त्यांचे काम. त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस हा आजार होता. विजेच्या वायरीवर असते तसे मेंदूतल्या तंतूंवरही वेष्टण असते. या आजारात शरीराची राखण करणाऱ्या पेशीच चुकून ते कुरतडतात. मग निरोप अडखळतात आणि माझ्या चित्रात तिथे पांढरे डाग उमटतात.

एका वर्षी त्यांचे चित्र सारखे फिसकटू लागले. तंत्रज्ञ वैतागला.

"मावशी, हलताय तुम्ही!"

"हलत नाही रे बाबा. हे एवढं बडवतंय, मला वाटलं युद्धाचा प्रवेश आला. संवाद म्हणत होते."

"मनात म्हणा की!"

"मनात म्हणणारा प्रॉम्प्टर कोण ठेवील?"

अखेर चित्र आले. डाग वाढले होते, मेंदू थोडा आक्रसलाही होता. मावशींनी एवढेच विचारले, "पुढच्या महिन्यात नवं नाटक आहे. बसू की नको?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नुसतं चित्र बघून नाही सांगता येणार. कालच्या पेशंटचे डाग तुमच्याहून कमी, पण ते बोलता बोलता सारखे अडतात."

"असं कसं?"

मलाही नेमके हेच विचारायचे होते!

"मोठा रस्ता खचला तरी गल्लीबोळ माहीत असलेला माणूस घरी पोचतो. वाचन, पाठांतर, नवं शिकणं यांनी मेंदूला अशा आडवाटा सापडत असाव्यात. सगळं अजून आम्हालाही कळलेलं नाही. पण त्या वाटाही बुजू शकतात, तेव्हा औषध चुकवायचं नाही."

मग मावशींची आठवणीची आणि झटपट उत्तराची चाचणी झाली. आठवण पक्की होती, पण उत्तराला वेळ लागत होता. विंगेत तर क्षणाचा उशीरही नडतो. मावशी म्हणाल्या, "नट अडकायच्या आधी त्याचे डोळे भिरभिरतात. मी तेवढ्यावरच लक्ष ठेवीन."

पुढच्या वर्षी त्या आल्या, तेव्हा तंत्रज्ञाने आधी तेच विचारले, "बसलात का?"

"बसले तर! पहिल्या प्रयोगाला मुख्य नट दोनदा अडकला. एकदा मी वेळेत पोचले. एकदा उशीर झाला, तर बेट्यानं खोकून वेळ काढला. आता तालमीतच त्याचा खोकला बसवलाय!"

मित्रांनो, आता शेजारच्या खोलीत नवा स्कॅनर आला आहे. त्याची चित्रे माझ्याहून स्वच्छ येतात. माझ्याकडे क्वचितच कोणी फिरकते. मोडीत जाण्याआधी एक मागणे आहे. शिकत राहा, हे तर आहेच. पण आजारी माणसाला काय जमेल हे चित्रावरून ठरवू नका. त्यालाच विचारा. आणि उत्तर यायला वेळ लागला, तर थांबा.