मेहुण्याचा टाका

पाइप तडकला तेव्हा चाचणीच्या खोलीत, जाड काचेपलीकडे, इंजिन पूर्ण वेगात होतं. आवाज एकाएकी टरकन फाटला आणि मॅडमनी लाल बटण दाबलं. इंजिन गप्प झालं, खोलीही गप्प झाली. मॅडमनी मामांकडे वळूनसुद्धा बघितलं नाही, आणि मामांना तेच जास्त लागलं.

मामा कंपनीतले सगळ्यात जुने वेल्डर. सख्ख्या बहिणीची मुलं तर म्हणतच, पण अख्खी कंपनीही त्यांना मामा म्हणे. कंपनीचा पसारा मोठा होता, पण तिच्या गाड्या साध्या. चार माणसं, दोन पिशव्या, आणि वर्षानुवर्षं कुरकुर नाही. रस्त्याने अशी गाडी गेली तर कुणी मान वर करून बघत नसे. पण नव्या अध्यक्षांच्या डोक्यात एक खूळ शिरलं होतं. जगातल्या सगळ्यात वरच्या दर्जाच्या मोटार शर्यतीत, जिथे मोजक्याच कंपन्यांची उतरायची छाती होते, तिथे आपणही उतरायचं. संचालकांपैकी निम्मे नाराज होते. शेवटी असं ठरलं, की आधी एक गाडी करून दाखवा, ती आमच्यासमोर पळवा, मग बोलू.

त्या गाडीचं इंजिन मुख्य इंजिनिअर असलेल्या मॅडमच्या हाती होतं आणि इंजिनाचे धुराचे पाइप मामांच्या. कागदासारख्या पातळ पत्र्याचे पाइप, एकमेकांत गुंतलेले, आतड्यांसारखे वळलेले. त्या वळणांत मशीन शिरत नसे. वेल्डिंगचा टाका हातानेच घालावा लागे. जरा जास्त आच लागली की पत्रा जळणार, जरा कमी लागली की सांधा तडकणार.

मामांनी तडकलेला पाइप खिडकीशी नेला आणि सांध्यावरून बोट फिरवलं. टाका रेघ सोडून बाजूला सरकला होता. बोटाला कळलं ते हात टाका घालत असताना डोळ्याला कळलं नव्हतं. घरी एकदा ते पाणी पेल्याच्या शेजारी ओतत राहिले होते, तेव्हा बायको म्हणाली होती, "अहो, डोळे दाखवून या." "उजेड कमी आहे इथे," असं म्हणून त्यांनी तिला उडवून लावलं होतं.

ते मॅडमजवळ गेले. "मॅडम, पत्र्यात खोट नाही. माझा डोळा दगा देतोय."

मॅडमनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "मामा, संचालक या महिन्याअखेर येणार. दुसरं कोण करेल हे?"

मामांनी पाइप टेबलावर ठेवला. "एक आहे. कंपनीत नाही. माझा मेहुणा."

हे तोंडातून काढणं सोपं नव्हतं. बायकोच्या या धाकट्या भावाला वेल्डिंग शिकवलं मामांनीच, कंपनीत चिकटवलंही त्यांनीच. पण पोराच्या अंगात शर्यतीचं वारं होतं. तेव्हाच्या साहेबांपुढे उभा राहून तो एकदा म्हणाला होता, की आपण शर्यतीची गाडी करू, आपली माणसं करू शकतात. साहेब हसले, खातं हसलं. आणि मामा सगळ्यांत मोठ्याने हसले, कारण मेहुणा त्यांचा होता आणि त्यांना लाज वाटली होती. त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं रेसवाला. जो तो ‘काय रेसवाले, आज कुठे शर्यत’ म्हणून छेडायचा. शेवटी त्याने नोकरीवर पाणी सोडलं आणि सायलेन्सर जोडायचं दुकान टाकलं. बहिणीकडे यायचा तो दाजी कामावर असताना, आणि दाजी यायच्या आत निघून जायचा.

संध्याकाळी मामांनी बायकोला सगळं सांगितलं. भाजी निवडता निवडता ती ऐकत होती.

"मी बोलू का त्याच्याशी?" तिने विचारलं.

"नको. तुझ्या शब्दाला तो नाही म्हणणार नाही. मला नाही म्हणायची मोकळीक त्याला असू दे."

बायकोने मान वर केली. इतक्या वर्षांच्या संसारात असलं शहाणपणाचं बोलणं नवऱ्याच्या तोंडून तिने क्वचितच ऐकलं होतं. "मग चहा घेऊन जा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा दुकानात गेले. मेहुणा एका स्कूटरखाली आडवा पडला होता. त्याने बूट ओळखले, पण बाहेर आला तो हातातलं काम संपवूनच.

"ताई बरी आहे ना?" त्याने पहिलं हेच विचारलं.

"बरी आहे. मी कामासाठी आलोय." मामांनी पिशवीतून तडकलेला पाइप काढून त्याच्या हातात दिला.

मेहुण्याने तो फिरवून फिरवून पाहिला. वळण बघितलं, पत्र्याची जाडी नखाने चाचपली. हे सायलेन्सरचं काम नाही हे त्याला सांगावं लागलं नाही. चेहरा हळूहळू बदलत गेला.

"कंपनी उतरतेय?"

"अजून नक्की नाही. आधी गाडी पळाली पाहिजे."

"हा टाका तुमचा?"

"माझाच."

"तुमचा टाका असा नसायचा, दाजी."

"म्हणूनच आलो."

मेहुण्याने पाइप फडक्याने पुसला. स्कूटरवाला घड्याळ बघत होता. "मी हे म्हणालो तेव्हा तुम्ही हसला होता," मेहुणा म्हणाला. आवाज चढला नव्हता. "बाकीच्यांचं मला काही वाटलं नाही. ती माणसं परकी होती."

"हसलो होतो," मामा म्हणाले. "तू बरोबर होतास."

मामांनी थर्मास उघडून झाकणात चहा ओतला. थोडा बाहेर सांडला. मेहुण्याने त्यांच्या हाताकडे पाहिलं, मग डोळ्यांकडे, आणि थर्मास स्वतःच्या हातात घेतला. "किती दिवसांपासून?" त्याने विचारलं. रागावलेला माणूस असं विचारत नाही, एवढं मामांना कळलं.

मॅडमनी मेहुण्याला तात्पुरता पास करून दिला. दोघे एकाच टेबलाशी उभे राहिले. पत्र्याच्या कडा जुळवायचं काम मामांचं. डोळे मिटून ते बोटांनी कडेला कड भिडवत. केसाएवढी फट असली तरी म्हणत, "थांब, अजून बसली नाही." बसली की मेहुणा मुखवटा खाली ओढून टाका घाली. सुरुवातीला बोलणं कामापुरतंच. मग एक दिवस मेहुणा म्हणाला, "दाजी, तुम्ही शिकवताना माझ्या हातावर पट्टी मारायचात."

"तू कोपर हलवायचास."

"आता हलतं का?"

"हललं असतं तर पट्टी आणली असती," मामा म्हणाले, आणि शेजारच्या टेबलावरची माणसं चमकून बघू लागली, कारण दोघेही हसत होते.

पाइप पूर्ण झाले, इंजिन पुन्हा काचेपलीकडे चढवलं. या वेळी ते सकाळपासून दुपारपर्यंत गरजत राहिलं. पाइप लालभडक होऊन निवले, पण सांधे बधले नाहीत. मॅडम काचेला कपाळ टेकवून उभ्या होत्या.

संचालक आले त्या दिवशी मैदानात वारा होता. गाडी अजून रंगवलेली नव्हती. ती सुटली आणि पहिल्या वळणाला जो आवाज उठला, त्याने नाराज संचालकांच्याही माना वळल्या. कंपनीच्या गाडीकडे माणसं वळून बघताना मामा पहिल्यांदाच पाहत होते. फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या. गाडी थांबली तेव्हा अध्यक्ष स्वतः खाली उतरले, इंजिनावरचं झाकण काढायला लावलं आणि तापून निळे-जांभळे झालेले पाइप बघत राहिले.

"हे कुणाचं काम?"

मॅडमनी मामांकडे बोट दाखवलं. मामांनी मेहुण्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला पुढे केलं. "याचं, साहेब. आपण शर्यतीची गाडी करू शकतो हे कंपनीत सगळ्यांत आधी यानेच सांगितलं होतं."

अध्यक्षांनी मेहुण्यापुढे हात केला. तो हातात घेऊन त्याने मान ताठ केली. "जुळणी दाजींची आहे," तो म्हणाला. "जुळणी चुकली तर टाका काय करणार?"

संचालकांचा निकाल मात्र अर्धामुर्धाच लागला. यंदा उतरायचं नाही, काम चालू ठेवायचं, पुढच्या वर्षी पुन्हा बघायचं. मेहुण्याला पक्की नोकरी देऊ केली. त्याने हात जोडले. दुकान सोडणार नाही, पाइप माझ्याकडे पाठवा, म्हणाला. मामांना वाटलं, आता काम गेलं याच्या हातचं. पण मॅडमनी दुकान येऊन पाहिलं, मागची खोली घासूनपुसून आरशासारखी करवून घेतली, आणि काम पाठवलं.

मामा निवृत्त झाले. डोळ्याचं ऑपरेशन झालं. बरंच दिसू लागलं, पण टाका घालण्याइतकं नाही. रोज सकाळी ते दुकानात जातात आणि मागच्या खोलीत कडा जुळवत बसतात. दुपारी बायको डबा घेऊन येते आणि तिघं मिळून जेवतात.

परवा कंपनीचा ट्रक गल्लीत शिरला आणि एक स्कूटरवाला अडकून पडला. लाकडी पेटीवरचं कंपनीचं चिन्ह बघून त्याने विचारलं, "काय हो, खरंच उतरणार का ही कंपनी त्या शर्यतीत?"

"कंपनीचं कंपनीला माहीत," मेहुणा म्हणाला. "आमचे पाइप तयार आहेत."

मामा पेटीच्या दुसऱ्या टोकाला होते. त्यांनी जमिनीवर पाय रोवले, मेहुण्याने "हं" म्हटलं, आणि दोघांनी पेटी एकदम उचलली. स्कूटरवाल्याने गाडी मागे घेऊन वाट करून दिली.