धुऊन काढलेल्या पेशी

अकरा आठवडे, चाळीस जणांचं रक्त आणि निकाल शून्य. ज्यांच्या रक्तात चरबी जास्त, त्यांच्या लाल पेशी एकमेकींना जास्त चिकटतात का, हे मला पाहायचं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र सगळ्यांच्याच पेशी भांडण झाल्यासारख्या सुट्ट्या सुट्ट्या. काम चालू ठेवायचं की बंद, ते माझ्या मार्गदर्शक बाई आज दुपारी ठरवणार होत्या.

शेवटचा प्रयत्न म्हणून बाबांनाच उपाशीपोटी प्रयोगशाळेत आणलं. त्यांच्या रक्तातली चरबी असायला हवी त्याच्या चौपट.

"तुझ्या शोधापायी चहासुद्धा नाही," बाही सरसावत ते कुरकुरले.

"हात सैल सोडा, बाबा."

"पोटात काही असलं तर सोडीन ना!"

दोन नळ्या भरल्या. पहिली यंत्रात फिरवल्यावर वरचा द्रव दुधासारखा पांढरा निघाला. तो टाकायचा आणि खालच्या पेशी मिठाच्या पाण्यात तीनदा धुवायच्या, हा माझा पहिल्या दिवसापासूनचा शिरस्ता. नेमकं मिठाचं पाणी संपलेलं. ते तयार होईपर्यंत दुसऱ्या नळीतला न धुतलेला थेंब सहज काचेवर घेतला.

पेशींच्या चवड्याच चवड्या! नाण्यांसारख्या एकीवर एक, काच हलवली तरी सुटेनात. मग माझ्या बोटाचा थेंब पाहिला. चवड्या लहान, जरा हलवताच मोकळ्या.

म्हणजे सगळी गंमत त्या द्रवात होती. आणि तो मी चाळीस वेळा बेसिनमध्ये ओतला होता.

"मग जमलं की!" बाबा म्हणाले.

"कसलं जमलं? चाळीसच्या चाळीस पाण्यात गेले."

दुपारी बाई बराच वेळ सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढेनात. मग म्हणाल्या, "धुवायला कोणी सांगितलं होतं?"

"आधीच्या प्रयोगात आपण धूत होतो..."

"तो पेशीच्या आतल्या रंगाचा प्रयोग होता. तिथे बाहेरचं नकोच होतं. इथे बाहेरचंच हवं." त्या उठल्या. "एका माणसावर काम चालत नाही. शुक्रवारपर्यंत जास्त चरबीचे दहा जण आण. नाहीतर बंद."

चाळिसांतल्या जास्त चरबीवाल्यांची यादी घेऊन बसले. पहिला नंबर कोपऱ्यावरच्या शिंप्याचा.

"अहो ताई, परवाच नळी भरून नेलीत ना? सांडलीत की काय?"

"हो. सांडलीच म्हणा."

"परत उपाशी यायचं?"

"उपाशीच."

"मग दुसरं गिऱ्हाईक बघा," म्हणत त्याने फोन ठेवला. मी त्याच्यापुढे फुली मारली आणि पुढचा नंबर लावला.