काकांच्या बटणाचा निरोप

धाकट्या दिराच्या हुशारीवर वहिनीचा भारी विश्वास. तिच्या समुपदेशन केंद्राची साइट त्यानेच बनवलेली, शिंपीकाम करणाऱ्या काकांचीही त्याचीच. साचा एक, सर्व्हर एक, पण दोन्ही साइटना पायथन भाषेतला प्रोग्राम चालवणारा आपापला इंटरप्रिटर. म्हणजे एका घरात दोन बिऱ्हाडं, चुली वेगळ्या. वहिनीची अट एकच होती. "माझ्याकडे येणाऱ्या कुणाच्याही फोनवर मेसेज जाता कामा नये. घरचे वाचतात रे."

मग फोटो लहान करणारी एक नवी लायब्ररी, म्हणजे आयता मिळणारा कोड, अशा वेगळ्या इंटरप्रिटरमध्ये अडून बसायला लागली. खरं तर प्रत्येक साइटला स्वतंत्र प्रोसेस, म्हणजे वेगळं घरच, द्यायला हवी होती. पण गडी पडला आळशी. त्याने दोन्ही साइट एकाच मुख्य इंटरप्रिटरमध्ये कोंबल्या, चालतंय असं बघितलं आणि हात झटकले. तिथे सेटिंग्ज, म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव, नंबरांची यादी वगैरे, एकदाच ठरतात: जी साइट आधी जागी होईल तिच्या, आणि त्या दुसरीच्याही गळ्यात पडतात. हे त्याला ठाऊक होतं. ठाऊक असून त्याने काणाडोळा केला, लाज वाटावी ती याची.

त्या संध्याकाळी सर्व्हर रीस्टार्ट झाला आणि वहिनीची साइट आधी उठली. इकडे काकांना पासवर्ड म्हटलं की घाम फुटतो, म्हणून दुकानातल्या कॉम्प्युटरवर त्याने बिनपासवर्डचं बटण करून दिलेलं. कपडे शिवून झाले की काका ते दाबत आणि गिऱ्हाइकांना मेसेज जाई. त्या संध्याकाळीही त्यांनी ते दाबलं. मेसेज काकांचाच होता, पण पाठवणाऱ्याचं नाव आणि सगळे फोन नंबर वहिनीकडचे.

दीर घरी जेवायला बसला होता. शेजारी बायकोचा फोन वाजला. "समुपदेशन केंद्र: तुमचे कपडे तयार आहेत, घेऊन जा."

त्याला आधी हसू आलं. मग बायकोचा नंबर केंद्राच्या यादीत आला कुठून, हे लक्षात आलं आणि त्याने हातातला घास ताटात परत ठेवला. बायकोनेही वाचलं.

"तू जातेस तिथे?"

"वहिनींकडे नाही, तिथल्या दुसऱ्या बाईंकडे. बरेच दिवस झाले."

"मला का नाही बोललीस?"

"बोलले होते. तू 'बघतो' म्हणालास."

ती ताट उचलून आत गेली. उष्ट्या हातानेच त्याने दोन्ही साइट बंद केल्या आणि वहिनीला फोन लावला. 'काहीतरी टेक्निकल बिघाड' हे शब्द ओठांवर तयार होते, ते त्याने गिळले.

"वहिनी, तुझ्याकडच्या सगळ्यांना मेसेज गेलाय. चूक माझी आहे. मी आळस केला."

ती कसंबसं म्हणाली, "अरे देवा. कुणाच्या घरी कळलं असेल तर?"

"एका घरी कळलंय."

"कुणाच्या?"

"माझ्या."